लांडग्याच्या गळ्यातला पट्टा

सकाळचे साडेआठ. साल १९७३, दिवाळीचा पाडवा. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका डाकबंगल्याच्या पायऱ्यांवर एक मेलेलं जनावर आडवं टाकलं होतं. गोळी छातीत लागलेली. भोवती शे-सव्वाशे माणसं. त्या गर्दीत निंगप्पा धनगर उभा होता आणि निंगप्पाच्या हातात मी होतो.

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. साखळी अडकवून कुत्र्याला फिरायला नेतात, फाटकाशी बांधून ठेवतात, त्या जातीचा मी नव्हे. मला अंगभर काटे आहेत, बोटाच्या पेराएवढे, बाहेर तोंड केलेले. तेव्हा मी गोड बोलेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

काटे कशाला, तेही सांगतो. लांडगा कुत्र्याशी झुंजत बसत नाही. एका झेपेत गळा धरतो आणि काम संपवतो. गळ्याभोवती लोखंड असलं की त्याचाच जबडा फाटतो. माझं काम एवढंच. मी कुणाला मारण्यासाठी जन्मलो नाही, राखणदार जिवंत राहावा म्हणून जन्मलो.

मला लालसाबनं घडवलं. सोलापुरात मंगळवार बाजाराच्या मागे त्याचा भाता होता. म्हशीचं दुपदरी कातडं, आणि काटे एका मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतले. निंगप्पानं कुत्र्याच्या गळ्याचं माप सुतळीला गाठ मारून आणलं होतं. लालसाबनं ती सुतळी हातात धरून विचारलं, "पट्टा कुत्र्याला पायजे का जावयाला?" निंगप्पा म्हणाला, "जावयाला काटं लागत न्हाईत लालसाब, तेचं तोंडच बास हाय." दोघं हसले. माझ्या जन्मवेळी एवढंच हसू झालं. पुढे फारसं काही हसण्यासारखं माझ्या वाट्याला आलं नाही.

कुत्र्याचं नाव राख्या. चुलीतल्या राखेसारखा रंग, पाठीवर काळपट पट्टी, कान उभे, पाय लांब. त्याची आजी एका हिवाळ्यात लांडग्याबरोबर गेली होती आणि पोटात पिलं घेऊन परत आली, असं निंगप्पा अभिमानानं सांगायचा. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण लांबून बघणारा फसला असता हे मी नाकारत नाही. जवळून बघणारा फसायचं काही कारण नव्हतं.

मी तिसऱ्या भोकावर बसायचो. चार वर्षं त्याच भोकावर. उन्हात घामेजलो, पावसात भिजलो, आणि राख्याच्या गळ्याचे केस माझ्याखाली हळूहळू झिजून गेले. चार बोटं रुंद, गुळगुळीत, काळसर कातडी राहिली. बैलाच्या खांद्याला जोखडाचा घट्टा पडतो, तसा हा राखणदारीचा घट्टा.

निंगप्पा मेंढरं घेऊन हिंडायचा. पावसाळ्यात अक्कलकोटकडच्या गावी, थंडी लागली की भीमेच्या काठाकडे. शेतकरी मेंढरं रानात बसवून घ्यायचे, खत पडावं म्हणून. आमचं घर म्हणजे आज या शिवारात, उद्या त्या. तेव्हा रानातली जनावरं ही आमच्या दृष्टीनं शेजारीपाजारी. घोंगडी झटकली की खालून फुरसं निघायचं, निंगप्पा काठीनं त्याला बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "जा बाबा, तुजं बी घर शोद." ओढ्याला पाणी पाजताना पलीकडच्या काठावर काळविटांचा कळप पीत असायचा. मेलेल्या मेंढीचा वास लागून तरस यायचं, आणि राख्यानं नुसतं घशातून गुरगुरलं तरी लाजल्यासारखं निघून जायचं.

लांडगा तर रोजचाच. माळावर टेकाडाच्या कडेला दोन कान दिसले की निंगप्पा म्हणायचा, "आला पावना." वर्षाकाठी एखादं कोकरू तो नेणार हे धरलेलंच होतं. "त्यो बी बिरोबाचंच लेकरू हाय," असं निंगप्पाचं म्हणणं. राख्यालाही शिकवण तशीच होती. ओढ्यापर्यंत हाकल, ओढ्यापलीकडे जाऊ नको. निंगप्पाच्या बापानं कधी लांडगा मारला नव्हता, निंगप्पानंही नाही.

राख्याची आणखी एक शिकवण इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एखादी मेंढी, एखादी शेळी कळपापासून चुकली आणि ओरडत राहिली, तर राख्या तिला ओढत आणायचा नाही. तो तिच्याजवळ जाऊन बसायचा. तिच्याकडे पाठ आणि रानाकडे तोंड. निंगप्पा येईपर्यंत जागचा हलायचा नाही. शेळी कुणाची आहे हे तो विचारायचा नाही. एकटी आहे, एवढं त्याला पुरे होतं.

आता माणसांचं सांगतो. रस्त्यानं जाताना मी त्यांनाही पाहिलं. एसटीतून जाणाऱ्यांना रानात हरीण दिसलं की अख्खी गाडी एका बाजूला कलंडायची, आणि कोणीतरी खिडकीतून शेंगांची टरफलं फेकायचंच. ट्रकवाले रस्ता ओलांडणाऱ्या सशावर मुद्दाम गाडी घालायचे आणि खाली उतरून दोन्ही पाय धरून उचलायचे. दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यात एक जीप माळावरून लांडग्यामागे लागली. मारायचा होता असंही नाही. आतले लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, तो किती पळतो ते बघत होते. शेवटी जीपचं पुढचं चाक त्याच्या पायावरून गेलं. जीप वळून सडकेला लागली आणि तो तीन पायांवर घळीत उतरला. निंगप्पा बराच वेळ त्या घळीकडे बघत होता. "पळता येत न्हाय तेनं खायाचं काय?" असं तो म्हणाला. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

मग दुष्काळ पडला. त्याची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत, मी करत नाही. निंगप्पाच्या दीडशे मेंढरांतली चाळीस उरली, एवढं सांगतो. बाकीच्या धनगरांची तेवढीही नाहीत. माळावरची हरणं माणसांनी खाल्ली. त्र्याहत्तरला पाऊस झाला, गवत कमरेएवढं वाढलं, आणि ते खायला ना मेंढरं होती ना हरणं. लांडगे माळ सोडून लांब गेले. ज्याला पळता येत नव्हतं तो एकटा मागं राहिला.

भाद्रपदात त्यानं एक मूल नेलं. आई तुरीत खुरपत होती, मूल बांधावर झोपलं होतं. आश्विनात दुसरं, ओढ्याच्या काठावरून. निंगप्पानं चिखलातले ठसे पाहिले. तीन उमटलेले, चौथा फरपटलेला. त्यानं ते सरपंच चनबसप्पाला नेऊन दाखवले. चनबसप्पानं अर्ज केला, अर्ज सोलापूरला गेला, आणि सोलापूरला जे अर्जाचं होतं ते झालं.

गाव भेदरून गेलं. दिवस कलायच्या आत दारं लागू लागली. निंगप्पाची धाकटी बहीण चंद्रव्वा त्याच गावच्या वस्तीवर राहायची, गावाबाहेर, ओढ्याला लागून. तिची मुलगी ईरम्मा चार वर्षांची. सगळे तिला इरू म्हणायचे. पायाला भिंगरी असलेली पोर. चंद्रव्वानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक घराच्या मेढीला. महिनाभर पोर अशीच. उंबऱ्यापर्यंत जायची आणि पट्टी ताणली की तिथंच बसायची.

पाडव्याच्या चार दिवस आधी निंगप्पा बहिणीकडे गेला, तेव्हा राख्या बरोबर होता, म्हणजे मीही होतो. इरूनं राख्याच्या मानेत हात घातला. माझे काटे तिला लागायचे नाहीत. कुठे धरायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"मामा," ती म्हणाली, "मला बी राख्यागत बांदलंय. तेला पट्टा हाय अन् मला लुगडं."

"भाऊबीजंला येतो की मी," निंगप्पा म्हणाला. "तुला खांद्यावर घिऊन मेंढरात नेतो."

"सोडून?"

"माज्या खांद्यावर असल्यावर बांदायचं कशाला?"

चंद्रव्वाला मात्र त्यानं बजावलं, कोण काहीही म्हणो, मी सांगेपर्यंत गाठ सोडायची नाही. चंद्रव्वा म्हणाली, "न्हाय सोडत, अण्णा." हे वाक्य मी नीट ऐकलं आहे.

मग साहेब आले. शहरातले मोठे शिकारी. नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही. हातात परवाना, दोन बंदुका, बर्फाची पेटी, तीन मित्र. डाकबंगल्यात उतरले. दिवाळीची सुट्टी होती. या माळावर कोण कुठल्या वेळी हिंडतं हे धनगरांना विचारावं, असं त्यांना वाटलं नाही. ओढ्याकाठच्या बाभळीला एक शेळी बांधायची आणि तुरीत दबा धरायचा, असं त्यांनी ठरवलं. शेळी बांधणार आहेत हेही निंगप्पाला कुणी कळवलं नाही.

आणि पाडवा हा आमच्याकडे सोडवणुकीचा दिवस. निंगप्पाच्या घराण्याची रीत अशी, की पाडव्याला पहाटे मेंढरांना रंग लावायचा आणि वर्षभर राबलेली सगळी हत्यारं घोंगडीवर मांडून पुजायची. लोकर कातरायची कातर, काठी, कुऱ्हाड आणि मी. त्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात काही ठेवायचं नाही. "तेचा बी सण हाय," असं म्हणत निंगप्पानं मला राख्याच्या गळ्यातून काढलं, तेल चोळलं, हळद लावली. राख्यानं मान झटकली, गवतात लोळण घेतली, आणि मोकळ्या गळ्यानं ओढ्याकडे पाणी प्यायला निघून गेला. उजाडत होतं.

सूर्य वर आला न आला तोच बार ऐकू आला. एकच.

निंगप्पानं शीळ घातली. परत घातली. मग घोंगडीवरून मला उचललं आणि चालू लागला.

तर, साडेआठ वाजता डाकबंगल्याच्या पायऱ्यांवर राख्या पडला होता. साहेब खुर्चीत चहा पीत होते. त्यांच्या बरोबरचा एक हाकारी लोकांना रंगवून सांगत होता, की जनावर लई धीट, शेळीच्या अगदी शेजारी येऊन बसलं आणि आमच्याकडंच बघत राहिलं, साहेबांनी छातीवर नेम धरला तरी हललं नाही. लोक "अरे बापरे" म्हणत होते. शेळीची मालकीण सोजरबाई शेळी घ्यायला आली होती. तिनं शेळी वरून खालून चाचपली. कुठं दात नाही, कुठं ओरखडा नाही. "धड हाय की माजी शेळी," ती म्हणाली आणि घेऊन गेली. भुकेला नरभक्षक बांधलेल्या शेळीकडे पाठ करून का बसला, हे तिथल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही.

निंगप्पा पुढे झाला. "सायेब, हे माजं कुत्रं हाय."

लोक हसले. कोणी म्हणालं, निंगप्पाला सणाची लवकर चढली. साहेब रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, नीट बघ. जबडा बघ. शेपूट बघ."

"शेपूट काय बगायची? मान बगा की."

निंगप्पा गुडघ्यावर बसला आणि त्यानं मानेवरचे केस दोन्ही बाजूंनी मागे सारले. तो चार बोटांचा गुळगुळीत पट्टा उन्हात चकाकला. साहेब खुर्चीतून उठले, वाकले. त्यांनी तो पाहिला. त्यांनी पाहिला, हे मी पाहिलं. मी त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतो.

"म्हातारं जनावर आहे," ते म्हणाले. "खरूज झालीय."

"खरूज काय मापानं हुते व्हय, सायेब?"

असं म्हणून निंगप्पानं मला राख्याच्या गळ्यात घातलं. मी बसलो. तिसऱ्या भोकावर. केस झिजले होते तिथं माझी कड टेकली आणि काटे आपापल्या जागी उभे राहिले. गळा अजून थोडा ऊब धरून होता. माझ्या अंगावरची हळद त्याच्या कातडीला लागली.

हसणं थांबलं. क्षणभर मला वाटलं, झालं, आता कुणीतरी बोलणार. त्या गर्दीतल्या निम्म्यांनी तरी राख्याला कधी ना कधी भाकरी टाकली होती. त्यांना खूण पटली होती. ती पटलेली मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली, आणि मग त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले.

चनबसप्पानं निंगप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "निंगप्पा, महिना झाला गाव झोपलं न्हाय. आज झोपंल. कुत्रं काय, मी तुला दोन देतो. जरा गप ऱ्हा की."

"गाव झोपंल वो. लांडगं कुटं झोपलंय?" निंगप्पाचा आवाज चढला. "माज्या भनीचं घर वड्याला लागून हाय. तुमी दवंडी दिली तर पोरं सोडतील लोक."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हवालदार, तो पट्टा काढा. फोटो घ्यायचाय."

रामहरी हवालदारानं मला काढलं. काढताना त्याच्या अंगठ्याला काटा लागला आणि रक्त आलं. मी ते मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल. फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून साहेबांनी बुटानं राख्याची मान वर केली आणि त्याच्या अंगावर एक पाय ठेवून उभे राहिले. फोटो निघाला. काळ्यापांढऱ्या फोटोत हळद दिसत नाही.

दुपारी शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला होता. निंगप्पा तिथं येऊन ओरडला असता. म्हणून त्याला सरकारी कामात अडथळा आणला असं सांगून चौकीत बसवलं, आणि मला मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवलं. रामहरी त्याला म्हणाला, साहेब उद्या सकाळी जातील, मग तू मोकळा. निंगप्पा म्हणाला, मला कोंडा, महिना कोंडा, पण बहिणीला निरोप धाडा, पोर सोडू नको म्हणून. तो पाया पडला. रामहरीला ते बघवलं नसावं. त्यानं डफडं घेऊन दवंडीला निघालेल्या कोतवालाला हाक मारली आणि सांगितलं, वस्तीवर जाशील तेव्हा चंद्रव्वाला एवढं सांग.

कोतवाल डोकं खाजवत म्हणाला, "लांडगा मेला म्हणून बोंबलत हिंडायचं, अन् तिला तेवडं मेला न्हाय म्हणायचं. एका तोंडानं दोन दवंड्या कशा पिटू, हवालदार?"

कोतवाल एकच दवंडी घेऊन गेला. डफड्याचा आवाज आधी गावठाणातून आला, मग वेशीबाहेरून, मग वस्तीकडून. नरभक्षक ठार झाला, पोराबाळांनी निर्धास्त हिंडावं. निंगप्पा भिंतीला कान लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी चंद्रव्वा चौकीच्या दारात आली. तिचा नवरा मडिवाळप्पा मागे उभा होता, हातात घोंगडीचं लहानसं गाठोडं घेऊन. तुरीत शोधणाऱ्यांना जे सापडलं ते त्यात होतं. चंद्रव्वाच्या मुठीत लुगड्याची पट्टी होती.

"अण्णा," ती म्हणाली, "दवंडी आयकली अन् मी गाठ सोडली. सणाचा दिस. पोर बांदून कशी ठिवू?"

तिनं पुन्हा तेच सांगितलं, आधीपेक्षा हळू. दिवे लावायच्या वेळेला इरू अंगणात पणतीपाशी बसली होती. चंद्रव्वा तेलाची वाटी आणायला आत गेली होती. एवढंच.

रामहरीनं लिहायला घेतलं. मध्येच थांबला. "लांडगा लिहिता यायचा नाही," तो म्हणाला. "लांडगा काल मेलाय. वर कळवलंय तसं."

"मग काय लिवता?" मडिवाळप्पानं विचारलं.

"मोकाट कुत्रं लिहितो."

निंगप्पा तेव्हा बोलला. ओरडला नाही. "काल माजं कुत्रं तुमी लांडगं केलं. आज लांडग्याचं कुत्रं केलं. माज्या भाचीला काय करनार?"

त्याच दिवशी त्याला सोडलं. कुणाची तक्रार नव्हती. मला सोडलं नाही. मी मुद्देमाल होतो, आणि मुद्देमाल सोडायला वरचा हुकूम लागतो.

पुढचं मी चौकीतल्या बोलण्यातून ऐकलं. पंधरा दिवसांनी वस्तीवरच्या माणसांनी आणि धनगरांनी ती घळ चहूबाजूंनी धरली. आत लांडगा होता. पुढचा पाय वाकडा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ज्याच्या बापानं कधी लांडगा मारला नव्हता त्या निंगप्पानं पहिली कुऱ्हाड घातली. त्यांनी त्याला तिथंच पुरलं. त्याची दवंडी कुणी दिली नाही, फोटो कुणी काढला नाही. कागदावर तो मेलेलाच होता. एकच जनावर दोनदा मेलं असं कळवायचं कुणी?

निंगप्पानं उरलेली मेंढरं विकली. आता तो सोलापुरात भुसार बाजारात पोती उचलतो म्हणतात. पहिली काही वर्षं तो दर पाडव्याला चौकीत यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, "पट्टा द्या की माजा." रामहरीच्या जागी आलेला हवालदार त्याला सांगायचा, प्रकरण वर आहे. मग निंगप्पा यायचा थांबला.

मी अजून इथंच आहे, चौकीच्या मागच्या खोलीत, एका लाकडी पेटीत. वर जप्त केलेल्या हातभट्टीच्या रिकाम्या बाटल्या, खाली एक कुलूप आणि एक सायकलची घंटी. काट्यांना गंज चढलाय. कातडं तेलाअभावी तडकलंय. जिथं राख्याचा गळा टेकायचा त्या आतल्या बाजूला मात्र चारदोन राखी केस अजून शिवणीत अडकलेले आहेत.

मला बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. बाहेर येऊन मी कुणाच्या गळ्यात बसणार? माळावर मेंढरं उरली नाहीत. साहेब त्यानंतर दोन वेळा याच डाकबंगल्यात उतरून गेले. चनबसप्पा पुन्हा निवडून आला. चंद्रव्वा वस्ती सोडून माहेरच्या गावी गेली. सगळ्यांचं आपापल्या परीनं भागलं.

माझं मागणं लहान आहे. मला ठेवताना रामहरीनं काटे टोचू नयेत म्हणून एका वर्तमानपत्रात गुंडाळलं. हाताला लागलं ते, पाडव्यानंतरच्या आठवड्यातलं. त्याच्या पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आहे. एक पाय जनावराच्या अंगावर, बंदूक खांद्याला, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, नरभक्षक लांडग्याचा अंत. गुंडाळताना पान असं दुमडलं गेलं, की जनावराची मान माझ्या बकलाला टेकून आहे. कुणीतरी हा कागद एकदा उलगडावा.

त्या फोटोत लांडग्याच्या गळ्याभोवती चार बोटं रुंदीत केस नाहीत. लांडग्याला पट्टा कुणी बांधला होता, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.